माओत दोन प्रिएता

पेर्सिओ उलेरिओला कुणी "कसा आहेस?" असं विचारलं तर तो स्वतःच्या तब्येतीचं कधी सांगायचा नाही. "परवा घोडी बदलली. आता जाडी तार अशी बोलते, की बस!" असं उत्तर यायचं. विचारणारा परगावचा असला तर त्याला वाटायचं, गडी जनावरांच्या बाजारातला दिसतोय. आमच्या माओ गावात मात्र शेंबड्या पोरालाही माहीत होतं की घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आणि ती ज्या बास गिटारवर बसवलेली असते तिचं नाव ला प्रिएता. प्रिएता म्हणजे सावळी. आमच्याकडचे पुरुष लाडात आले की बायकोला अशी हाक मारतात. पेर्सिओनं दानिल्दाला, म्हणजे स्वतःच्या लग्नाच्या बायकोला, ती हाक कधी मारली नाही. नाव आधीच दुसरीला देऊन बसला होता.

ही दुसरी गावात आली तीच मुळी तुकड्यातुकड्यानं. न्यूयॉर्कला गेलेला चुलतभाऊ नाताळच्या आधी पिंप पाठवायचा. सगळ्यांचेच भाऊ पाठवतात. साबण, तेल, जुन्या विजारी, डबाबंद मासे. त्या वर्षीच्या पिंपात विजारींच्या घडीतून एक काळं लाकडी धड निघालं आणि साबणाच्या वड्यांखालून लांब मान. जपानी बनावटीची, कुणाची तरी वापरून सोडलेली. मान धडाला एका पोलादी पट्टीनं आणि चार स्क्रूंनी जोडायची असते. पेर्सिओनं ती आईच्या भाजीच्या सुरीनं पिळून जोडली. सुरीचं टोक गेलं, आईनं पाठीत धपाटा घातला, आणि पुढचे कित्येक दिवस गिटारला साबणाचा वास येत राहिला. आईला बिचारीला वाटलं, पोरगा शेवटी आंघोळीला लागला.

आमच्या मेरेंगेत, म्हणजे जोडीनं नाचायच्या गाण्यात, खरा तोरा अ‍ॅकॉर्डियनवाल्याचा. त्याच्या शेजारी तांबोरा हा ढोल बडवणारा, गुइरा हे खरखरीत पत्र्याचं नळकांडं खरवडणारा, आणि मागं, खांबाला टेकून, बासवाला. त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो थांबला तरच कळतं की तो होता. पण पेर्सिओ ज्या ताफ्यात वाजवायचा त्याचा मालक काँफेसोर तेहादा, जो स्वतःच अ‍ॅकॉर्डियन वाजवून गायचा, याला एक सवय होती. गाणं मध्यावर येऊन अ‍ॅकॉर्डियन भांडायला उठला की तो ताफ्यातल्या एकेकाच्या नावानं ओरडायचा. आमच्याकडे सगळेच ओरडतात. गुइरावाल्याचं नाव, तांबोरावाल्याचं नाव, बिअर पाजणाऱ्या पाहुण्याचं तर दोनदा. पेर्सिओची पाळी आली की मात्र तो पेर्सिओ म्हणायचाच नाही. मान मागं टाकून, रंगवलेले केस सावरून, सोन्याचा दात दाखवत तो हाक द्यायचा, "आइ, प्रिएता!"

आणि प्रिएता ओ द्यायची. डुम-डुम. एकाच सुराचे दोन ठोके, पाठोपाठ, दारावर बोटाच्या पेरानं वाजवल्यासारखे. ते ठोके पडले की नाचणारी जोडपी एकदम गिरकी घेत. माओपासून सीमेपर्यंतच्या सगळ्या गावांत पावलांना ती सवय लागली होती. पेर्सिओ खांबाशी उभा राहून जमिनीकडे बघायचा आणि त्याचा चेहरा असा होई, जणू त्याच्या मुलीला शाळेत पहिलं बक्षीस मिळालंय. आपलं नाव कुणी घेत नाही याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. प्रिएताचं घेतात ना!

दानिल्दानंही हे ठोके ऐकूनच लग्न केलं, असं ती सांगायची. लग्नाआधी एका दुपारी तो तिच्या कानाशी म्हणाला होता, "ऐकलंस? ते तुझं नाव असतं. दा-निल."

"आणि शेवटचं दा कुणी खाल्लं?" दानिल्दाची जीभ तेव्हापासूनच धारेची.

"ते तू हो म्हणालीस की वाजवीन."

ती हो म्हणाली. लग्न झालं, मुली झाल्या, मुलींचीही लग्नं झाली. तिसरा ठोका काही वाजला नाही. पण गावात कुठंही डुम-डुम ऐकू आलं की ती हातातलं काम थांबवून शेजारणीला म्हणायची, "बघ, बोलावतोय मला." शेजारणी जळायच्या. त्यांच्या नवऱ्यांनी त्यांना साध्या आवाजातसुद्धा बोलावलेलं नव्हतं.

पेर्सिओनं प्रिएताला नटवायला घेतलं ते मात्र दानिल्दाच्या डोळ्यांवर यायला लागलं. आधी खुंट्या बदलल्या, कारण आमच्या उन्हात जुन्या खुंट्या घसरायच्या आणि गाणं संपेपर्यंत तार भलत्याच सुरात जाऊन बसायची. मग तारांखालची लोहचुंबकं बदलली. भाताच्या गिरणीची मोटर सुरू झाली की जुनी चुंबकं मधमाश्यांसारखी गुणगुणायची. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्यानं गिटारच्या पोटाला आतून चकचकीत पन्नी चिकटवली. पन्नी दानिल्दानं नाताळचं डुक्कर भाजायला आणलेली होती. त्या वर्षी डुक्कर उघडंच भाजलं, वरून करपलं, आणि पाहुण्यांपुढे पेर्सिओ म्हणाला, "पण आवाज बघा किती स्वच्छ झालाय!"

मग मान. कालव्याकाठच्या घरात राहून ती हळूहळू वाकली होती. पुढच्या पिंपातून नवी मागवली. मग धड. कुठल्याशा बारशात दोन व्याह्यांचं जुंपलं, एकानं खुर्ची फेकली, आणि जपानी धडाला खांद्यापासून कमरेपर्यंत भेग गेली. गावात बारीक रंधा मारणारा सुतार एकच, आणि तो शवपेट्या करायचा. त्यानं उत्तम महोगनीचं नवं धड कोरून दिलं आणि म्हणाला, "पेर्सिओ, जिवंत माणसासाठीचं हे माझं पहिलं काम. कुठं आवळतंय का बघ." मोटारसायकली रंगवणाऱ्याकडून त्याच्यावर काळा रंग चढवला, आत चांदण्यांसारखा चुरा टाकून. अंधारात ती काळी दिसायची, दिव्याखाली लुकलुकायची. ती पहिल्यांदा बाहेर काढली त्या रविवारी पेर्सिओ चर्चला तिला घेऊनच गेला. पाद्री काही बोलला नाही. माओत पाद्र्यालाही नाचायला जायचं असतं.

शेवटी पोटात बॅटरीवर चालणारं सर्किट बसवलं. त्यानं आवाज दणदणीत होतो, पण एक ग्यानबाची मेख असते. वाजवून झाल्यावर वायर उपटली नाही तर गिटार कोपऱ्यात उभी राहूनही बॅटरी पीत बसते. पेर्सिओनं ती एकदा रात्रभर तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी शेजारगावच्या लग्नात, नवरानवरी नाचायला उठली त्याच क्षणी, प्रिएता घरघरून गप्प झाली. तेव्हापासून त्याच्या शर्टाच्या खिशात कायम एक बॅटरी असे. दानिल्दा सांगायची, "घरात शिरला की आधी तिची वायर काढतो, मग मला विचारतो जेवलीस का."

एवढं सगळं बदललं. राहिली काय, तर पिंपातून आलेली ती मान जोडायची पोलादी पट्टी आणि तिचे चार स्क्रू. पण "अरे, आता हिच्यात जुनं काय उरलं?" असं कुणी विचारलेलं पेर्सिओला खपायचं नाही. "तुझ्या डोक्यावर तरी जुनं काय उरलंय?" असं तो विचारायचा, आणि विचारणारा टोपी सरळ करून निघून जायचा.

काढलेली एकही वस्तू त्यानं विकली नाही की फेकली नाही. प्रिएताचं अंग ते! खुंट्या, चुंबकं, घोडी असलं सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आणि वाकलेली मान व भेगाळलेलं धड टॉवेलात गुंडाळून पलंगाखाली. दानिल्दा त्या पलंगावर झोपायची. "माझ्या खाली मढं ठेवलंय," असं ती बहिणींना सांगायची. एका डिसेंबरात, घर रंगवायचं म्हणून सगळं सामान अंगणात आलं, तेव्हा तिनं तो डबा आणि ते गाठोडं भावाच्या मोटारसायकलला बांधलं. "घेऊन जा. काय करायचं ते कर. मला विचारू नकोस."

भावाचं नाव चेलो. घरोघरी इन्व्हर्टर दुरुस्त करायचा. आमच्याकडे वीज येते त्यापेक्षा जाते जास्त, त्यामुळे चेलोला मान होता. रविवारी तो दुसऱ्या एका ताफ्यात बास वाजवायचा, उधारीची, कुणाची तरी. वाजवायचा चांगलं. फक्त पेर्सिओच्या गावात जन्मला हे त्याचं दुर्दैव. गाठोडं सोडलं आणि त्याचे डोळे विस्फारले. त्यानं भेग डिंकानं भरून शिकंज्यात आवळली, वाकलेली मान वजनं बांधून सरळ केली, जुनी चुंबकं डाग देऊन जिवंत केली. पट्टी तेवढी नव्हती, ती लोहाराकडून कापून आणली. एके दिवशी त्यानं तारा चढवल्या. आणि मे महिना लागायच्या आत, कालव्यापलीकडच्या नाचात, त्याच्या ताफ्याच्या गायकानं बेंबीच्या देठापासून हाक दिली, "आइ, प्रिएता!"

ही बातमी पेर्सिओला कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात कॉफीसुद्धा उकळत नाही. नाक्यावरच्या दुकानात तो साखर घ्यायला गेला, तर डॉमिनो खेळणाऱ्यांनी एकमेकांना डोळे घातले. मग एकजण सोंगट्या लावता लावता म्हणाला, "पेर्सिओ, तुझी पहिली बायको मेव्हण्याकडे नांदायला गेली म्हणे?"

दुसरा म्हणाला, "नांदते कसली, गाते! आणि तरुण दिसते हो."

पेर्सिओ साखर तिथेच विसरून चेलोच्या दारात. आमच्याकडे बहिणीचा नवरा आणि बायकोचा भाऊ एकमेकांना एकाच शब्दानं हाक मारतात, कुन्याओ. प्रेमात तो शब्द साखरेसारखा लागतो, भांडणात धोंड्यासारखा.

"कुन्याओ, नाव काढ तिचं."

"कुणाचं नाव, कुन्याओ?"

"तुला माहितेय कुणाचं. प्रिएता माझी आहे. घरी भिंतीला उभी आहे."

चेलोनं ती जपानी गिटार मांडीवर घेतली होती आणि तो फडक्यानं तिचा पाठीचा भाग पुसत होता. "तुझ्या घरी उभी आहे ती शवपेटीवाल्याची पोरगी. पिंपातून आली ती ही. धड हे, मान ही, खुंट्या या. वास घेऊन बघ, अजून साबण येतो."

"पट्टी माझ्याकडे आहे!"

"पट्टी घेऊन बस मग. पट्टीच्या नावानं ओरडायला सांग काँफेसोरला."

पेर्सिओच्या जिभेवर आलेला शब्द इथं लिहिण्यासारखा नाही. घरी येऊन त्यानं दानिल्दाकडे नुसतं पाहिलं. दानिल्दा केळी सोलत होती. ती म्हणाली, "पलंगाखाली आता हवा खेळते, म्हाताऱ्या. माझी कंबर थांबलीय दुखायची." आणि सोलत राहिली.

मग गावात दोन तट पडले. चेलोवाले म्हणायचे, जन्मली तेव्हाचं अंग ज्याच्याकडे, नाव त्याचं. पेर्सिओवाले म्हणायचे, मग चौकातली प्रवासी गाडी घ्या. इंजिन दुसरं, दारं तिसरी, छप्पर चौथं, तरी तिच्यात बसून आपण रोज शेजारच्या एस्पेरान्साला जातोच की नाही? यावर चेलोवाले म्हणायचे, जातो, पण पोचतो का? गंमत गमतीच्या ठिकाणी. पेर्सिओला मात्र जेवण जाईना. आतापर्यंत एक हाक यायची आणि एक उत्तर जायचं. आता कालव्यापलीकडून हाक आली की त्याचा हात आपोआप मांडीवर दोन ठोके मारायचा, आणि वाजत असे भलतीच गिटार. एवढं आयुष्य खांबाला टेकून काढलं, त्याची कमाई म्हणजे ते नाव. आणि तेच निसटत होतं.

सांता क्रूसच्या जत्रेच्या दिवशी तर ते दोघांच्या डोक्यावर येऊन बसणार होतं. त्या दिवशी दोन्या मेलिदाच्या, म्हणजे मेलिदाबाईंच्या, रांचोत, त्या झावळ्यांच्या नाचघरात, दोन ताफे समोरासमोर वाजवतात, एक गाणं ह्यांचं, एक त्यांचं, जो आधी दमेल तो हरला. त्या वर्षी समोरासमोर होते काँफेसोरचा ताफा आणि चेलोचा ताफा. दोन्ही गायक एकाच नावानं ओरडणार म्हणजे मारामारी नक्की. मेलिदानं दोघांना बोलावून घेतलं.

मेलिदा म्हणजे त्या झावळ्यांच्या छपराची मालकीण. वय विचारायची कुणाची छाती नव्हती. आयुष्यभर भोंग्यांपुढे बसून तिचे दोन्ही कान गेले होते, त्यामुळे ती सगळ्यांशी असं बोलायची जणू ते नदीपलीकडे उभे आहेत. पण नाच सुरू झाला की ती बासच्या भोंग्याच्या मोठ्या खोक्यावर जाऊन बसायची आणि शेवटपर्यंत ठेक्यात पाय हलवत राहायची. तिचा नवरा जुन्या काळी मारिंबुला वाजवायचा. ती एक लाकडी पेटी असते, पुढं लोखंडी जिभा, वाजवणारा तिच्यावरच बसतो. नवी नवरी असताना मेलिदा त्या पेटीच्या दुसऱ्या टोकाला बसायची. "मला संगीत कळतं ते तिथून," असं ती सांगायची, आणि कुठून ते हातानं दाखवायची, मग पाद्री समोर असला तरी.

"माझ्या छपराखाली दोन प्रिएता चालायच्या नाहीत!" ती ओरडली. "जत्रेच्या दुपारी या. दोघंही ताडपत्रीमागं उभे राहा. मी खोक्यावर बसते. जी मला प्रिएता वाटेल तीच प्रिएता. दुसरीचं नाव माझ्या रांचोत कुणी घेतलं तर त्याला बिअर बंद!"

शेवटचं ऐकून दोन्ही ताफे गंभीर झाले.

जत्रेच्या दुपारी बकरा शिजत होता, ओव्याच्या पानांचा वास सुटला होता, आणि बर्फात ठेवलेल्या बाटल्यांवर असा पांढरा थर चढला होता की आमच्याकडे अशा बाटलीला नवरी म्हणतात. झाडून सगळं गाव आलं होतं. दानिल्दा पुढच्या खुर्चीत, पंखा हलवत. तिला नवराही हवा होता आणि भाऊही, म्हणून ती दोघांवरही चिडलेली होती. पेर्सिओनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात नवी बॅटरी. ताडपत्रीमागं तो आणि चेलो एकमेकांकडे न बघता उभे राहिले. काँफेसोरनं अ‍ॅकॉर्डियन उचलला. एकच गाणं, दोनदा.

आधी पेर्सिओ. महोगनी घुमली, डुम-डुम झालं, मेलिदाचा पाय हलला. मग चेलो. त्याचंही झकास झालं, डुम-डुम सकट. मेलिदानं जरा विचार केला आणि ओरडली, "पहिली! पहिली ती प्रिएता. दुसरी खोकते."

पेर्सिओवाल्यांनी टोप्या उडवल्या. चेलो ताडपत्री बाजूला सारून बाहेर आला, कानापर्यंत लाल झालेला. त्यानं मेलिदाच्या तोंडासमोर तोंड नेऊन, ओठ मोठे मोठे करून सांगितलं, "त्याच्या पोटात बॅटरी आहे, दोन्या! तुम्हाला बॅटरी कळली, गिटार नाही! आम्ही गिटारी बदलतो. त्याच्या हातात माझी, माझ्या हातात त्याची. मग सांगा."

पेर्सिओ म्हणाला, "मी त्या मढ्याला हात लावणार नाही."

पुढच्या खुर्चीतून दानिल्दा म्हणाली, "पलंगाखाली ठेवताना बरा लावलास."

सगळे हसले. आता माघार घेणं म्हणजे हरणंच. पेर्सिओनं पट्टा गळ्यात घातला.

आणि त्याचा चेहरा बदलला. चेलो समोरच होता, त्यानं तो पाहिला. मानेच्या मागच्या बाजूला, जिथं अंगठा ठेवतात तिथं, एक उथळ खळगा होता. चेलोनं घासून काढायचा प्रयत्न केला होता, गेला नव्हता. पेर्सिओचा अंगठा त्यात असा जाऊन बसला जसा माणूस आपल्या बाकावर बसतो. भाजीच्या सुरीचा स्क्रूच्या भोकाशी पडलेला ओरखडा त्याच्या तळहाताला लागला. काँफेसोरनं सुरुवात केली आणि बोटं चालायला लागली, वाटेतला एकेक दगड ओळखत.

बारीक तारेच्या पाचव्या पडद्याशी बोट पोचलं तेव्हा त्याला आठवलं. त्या जागेवर ही मान मुकी होती. जन्मापासूनची. लाकडात काय असेल ते असेल, तिथला सूर उमटायचा आणि तोंडातल्या तोंडात विझायचा. आणि नेमका तोच सूर प्रत्येक गाण्यात लागायचा! तरुणपणी त्यानं त्यावर आठवडेच्या आठवडे डोकं फोडलं होतं. शेवटी युक्ती सापडली, पहिला ठोका विझायच्या आत दुसऱ्या बोटानं दुसरा द्यायचा, किंचित घाईनं, पडणाऱ्याला खांदा द्यावा तसा. दोन मिळून एक अख्खा सूर उभा राहायचा. पुढं नवी मान आली, तिथं सूर चांगला खणखणीत होता, पण बोटांना घाईची सवय जडली ती जडलीच. ती युक्ती होती हेसुद्धा तो विसरून गेला. त्याला आठवत होतं ते दा-निल.

"आइ, प्रिएता!" काँफेसोरनं सवयीनं हाक दिली.

डुम-डुम. म्हातारी मान मुकी राहिली नाही.

पाठोपाठ चेलोनं महोगनीवर तेच गाणं वाजवलं. नवीकोरी चुंबकं, ताजी बॅटरी, भोंग्याचं जाळं थरथरलं. मेलिदानं ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. खोक्यावर हात आपटून ओरडली, "पहिली! मघाचीच! या दुसऱ्यानं दार ठोठावलं ते वसुलीला आल्यासारखं. पहिल्यानं ठोठावलं त्याला माहीत होतं की दार उघडंच आहे!"

ताडपत्री खाली आली. पेर्सिओच्या गळ्यात पलंगाखालचं मढं, चेलोच्या गळ्यात चांदण्यांची महोगनी.  मग काँफेसोर डोकं खाजवत म्हणाला, आणि डोकं खाजवताना बोटांना काळा रंग लागला, "दोन्या, मघाशी प्रिएता ती होती. आता ही झाली. मी ओरडायचं कुणासाठी?"

हे त्याला तीनदा हातवारे करून सांगावं लागलं. कळल्यावर मेलिदा उभी राहिली. "अरे गाढवांनो! माझे दात नवे, कंबरेचं हाड नवं, डोळ्यांतली भिंगं नवी. उद्या कुणी माझे जुने दात गोळा केले तर त्याला रांचो द्याल का? प्रिएता या पेर्सिओच्या बोटांत राहते. तो झाडूला तारा लावेल तर झाडू प्रिएता! आता बकरा वाढा!"

माओत यावर अपील नसतं. टाळ्या पडल्या. पेर्सिओ मात्र खांबाशी जाऊन उभा राहिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो मधोमध उभा होता, छाती काढून, आणि लोक त्याच्याकडे बघत होते. चेलो मान खाली घालून पट्टा सोडत होता.

"कुन्याओ," चेलो हळूच म्हणाला, "एक सांग. तो सूर माझ्या हातात ती गिळते. मी दोन महिने तिच्याशी झगडतोय. सर्किट तपासलं, तारा बदलल्या. तू काय केलंस?"

आता इथं शहाणा माणूस मेव्हण्याला कोपऱ्यात नेऊन कानात सांगतो. पण पेर्सिओला त्या घटकेला एवढा अभिमान चढला होता की तो अख्ख्या रांचोला ऐकू जाईल असा बोलला. "ती तिथं लंगडी आहे, चेलो! पहिल्या दिवसापासून. तारा बदलून काही होत नाही. पहिलं पाऊल टाकलं की ती पडते. पडायच्या आत दुसरं टाकायचं. ते दोन ठोके मी त्याच्यासाठीच बसवले. लंगडीला मी नाचायला शिकवलं, मी!"

पंखा थांबला.

"म्हणजे," दानिल्दा म्हणाली, आणि तिचा आवाज मेलिदालाही ऐकू गेला असावा, "ते ठोके लंगडीसाठी होते?"

  शेजारणी पुढं सरकल्या. इतक्या वर्षांची उधारी वसूल व्हायची वेळ आली होती त्यांची.

"आधी तिच्यासाठी होते," पेर्सिओ म्हणाला. "मग तू दिसलीस. नवी मान आली तेव्हा ते काढून टाकता आले असते. मी ठेवले."

"का?"

"तुझं नाव होतं त्यांच्यात. आणि... सवय झाली होती."

"सवय," दानिल्दा म्हणाली. तिनं पंखा मिटला, जेवणाचं ताट उचललं आणि मागं वळूनही न बघता म्हणाली, "त्या चेलोच्या गिटारचं नाव ठेवा मग. ला कोहा. लंगडी. ती तरी खरं बोलते."

नाव जागच्या जागी चिकटलं. चेलोच्या ताफ्याचा गायक तर खूशच झाला. अशा नावानं ओरडायला घसा मोकळा सुटतो. पेर्सिओनं चेलोला ताडपत्रीमागं नेऊन त्याचा अंगठा खळग्यात ठेवला, बोटं धरून घाईचा ठोका दाखवला. खिशातली जुनी पोलादी पट्टी, जी त्या दिवशी महोगनीला दुसरी बसवून पुरावा म्हणून काढून आणली होती, तीही त्याच्या हातावर ठेवली. "लोहाराची काढ. हिची हिला बसव." चेलोनं पट्टी मुठीत धरली आणि म्हणाला, "कुन्याओ, तुझ्या सर्किटची डागणी कच्ची आहे. उद्या घेऊन ये."

मग जत्रा पेटली. एक गाणं ह्यांचं, एक त्यांचं. पलीकडून हाक आली, "आइ, कोहा!" आणि म्हाताऱ्या गिटारनं दोन ठोके दिले, जरा अडखळत, पण दिले. पेर्सिओची मान डोलली. ती शिकली होती तीही त्याच्याकडूनच. आज माओत दोन गिटारी वाजत होत्या आणि दोन्ही त्याच्या घरातून निघालेल्या होत्या. एवढी मिजास तर काँफेसोरच्या सोन्याच्या दातालाही नव्हती.

काँफेसोरची पाळी आली. अ‍ॅकॉर्डियन भांडायला उठला. जोडपी गिरकीच्या तयारीत पायांवर तोल घेऊन होती. दानिल्दा हंडीपाशी पाठमोरी, हातात डाव.

"आइ, प्रिएता!"

डुम-डुम-डुम.

अख्खा नाच कोसळला. दोन ठोक्यांवर गिरकी घेतलेली जोडपी तिसऱ्यावर एकमेकांवर आदळली, कुणाचा बूट कुणाच्या पायावर, सुताराची बायको सरळ पाद्र्याच्या मिठीत. गुइरा चुकला, तांबोरा चुकला. काँफेसोर गाणं सोडून ओरडला, "काँपाय, गड्या, हे काय केलंस?"

खोक्यावर बसलेली मेलिदा पोट धरून हसत होती. तिला तिसरा ठोका सगळ्यांच्या आधी कळला होता, नेहमीच्या ठिकाणाहून.

 पेर्सिओ हंडीकडे बघत होता. दानिल्दाचा डाव हवेत थांबला होता. ती वळली नाही. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "बघ, आता पूर्ण नावानं बोलावतोय. घाबरलाय." आणि एक ताट वाढायला घेतलं, त्यात बकऱ्याचा सगळ्यात चांगला तुकडा ठेवला, आणि ते झाकून बाजूला ठेवलं.